पानफुटी: सकाळी आंबट, संध्याकाळी कडू

शाळेच्या विज्ञानात 'शाकीय प्रजनन' नावाचा एक भाग असायचा. बटाट्याचा डोळा, रताळ्याचं मूळ आणि तिसरं उदाहरण हमखास पानफुटी. पान ओल्या मातीवर टाका, कडेच्या खाचांतून रोपं फुटतील. दोन मार्क, विषय संपला. पण मंडळी, या झाडाचा इतिहास काही दोन मार्कांचा नाही.

पहिली गोष्ट म्हणजे पानफुटी मूळची आपली नाहीच. ती मादागास्करची. १७८६ साली लामार्कने (हो, तोच तो जिराफाच्या मानेवाला) तिचं शास्त्रीय वर्णन केलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती कलकत्त्याजवळ शिबपूरला, ईस्ट इंडिया कंपनीच्या बागेत पोचलेली होती. तिथून ती इंग्लंडला गेली आणि १८०५ मध्ये रिचर्ड सॅलिसबरीने तिला नाव दिलं ब्रायोफायलम. ग्रीकमध्ये ब्रायो म्हणजे फुटणं, फायलॉन म्हणजे पान. थोडक्यात, पानफुटी! कोणी कोणाचं कॉपी-पेस्ट केलं असं वाटेल, पण झाड बघितलं की दुसरं काही नाव सुचणं अवघडच आहे. आज तिचं अधिकृत नाव कलांचो पिनाटा.

आता प्रश्न असा की ती इतकी फिरली कशी? त्या काळात जिवंत रोप जहाजावरून नेणं म्हणजे दिव्य होतं. खारा वारा, गोड्या पाण्याची टंचाई, महिनोन्‌महिने प्रवास. रोपं नेण्याची बंदिस्त काचपेटी यायला १८३० चं दशक उजाडावं लागलं. पानफुटीला पेटीची गरजच नव्हती. तिच्या जाड पानात पाणीही आहे आणि पुढच्या पिढीचा सगळा कोडही. आपल्या भाषेत सांगायचं तर सेल्फ-एक्स्ट्रॅक्टिंग झिप फाईल :)

आपण ज्याची 'शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला' अशी गोष्ट ऐकलेली असते, त्या जर्मन महाकवी गटेला हे झाड भयंकर आवडायचं. पान हेच वनस्पतीच्या सगळ्या अवयवांचं मूळ रूप, असं त्याने १७९० मध्येच मांडलं होतं. त्यामुळे पानातून अख्खं झाड निघताना पाहून तो हरखला नसता तरच नवल. तो मित्रमंडळींना पानफुटीची पानं भेट द्यायचा. १८२६ मध्ये मारियान फॉन विलेमरला त्याने पानासोबत कवितासुद्धा पाठवली. जर्मनीत हे झाड अजूनही गटेच्या नावाने ओळखतात.

पण माझा खरा हिरो गटे नाही, बेंजामिन हाइन आहे. हाही जर्मनच. मिशनऱ्यांबरोबर दक्षिण भारतात आला आणि पुढे कंपनीच्या नोकरीत वनस्पतींचा अभ्यास करत राहिला. टिपूच्या पाडावानंतर बेंगळुरूचं लालबाग काही काळ त्याच्या देखरेखीखाली होतं. या माणसाने काय केलं, तर पानफुटीचं पान चावून बघितलं. एकदा नव्हे, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी. सकाळी पान चुक्यासारखं आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट! १८१३ मध्ये त्याने हे पत्रातून लंडनला कळवलं आणि १८१५ मध्ये ते लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं.

ना प्रयोगशाळा, ना उपकरण. जीभ आणि घड्याळ, बस्स. आणि निरीक्षण शंभर टक्के बरोबर. स्पष्टीकरण मात्र त्या काळाचं होतं. आम्लता ऑक्सिजनमुळे येते असं तेव्हा मानत, म्हणून हाइनला वाटलं की रात्री साठलेला ऑक्सिजन उन्हात पानातून निघून जातो. खरा मामला कार्बन डायऑक्साइडचा होता. पानफुटी दिवसा पानावरची छिद्रं बंद ठेवते, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. हिरव्या सफरचंदाला आंबटपणा देतं तेच हे आम्ल. दिवसा दारं बंद करून त्या साठ्यावर अन्न तयार करायचं. रात्री डेटा गोळा करा, दिवसा प्रोसेस करा!

हे कोडं नीट सुटायला विसावं शतक उजाडलं. या पद्धतीला आज कॅम म्हणतात आणि त्यातला 'क' पानफुटीच्या कुळाचा, म्हणजे क्रॅश्युलेसीचा आहे. अननस, निवडुंग, घायपात सगळे हेच करतात. पाठ्यपुस्तकात कॅम सापडतं, हाइन क्वचितच. भारतात बसून केलेलं इतकं मूलभूत निरीक्षण, आणि आपल्याला नाव माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

(हाइनचा प्रयोग घरी करू नका. पानफुटीच्या जातकुळीत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात, गुरं दगावल्याच्या नोंदी आहेत. मुतखड्यावर पान खाणारे तिला 'पाषाणभेद' म्हणतात, पण आयुर्वेदातला पाषाणभेद म्हणून सहसा मानतात ती हिमालयातली वेगळीच वनस्पती.)

असो. लावायची असेल तर पान पुरू नका, ओलसर मातीवर आडवं ठेवा आणि कडक उन्हापासून जपा. आठ-पंधरा दिवसांत खाचांतून आधी मुळं, मग इवली पानं दिसतात. गंमत म्हणजे पान झाडावर असेपर्यंत सहसा काही फुटत नाही, तोडलं की फुटतं. झाड त्याला कसं रोखून धरतं, यावर जाक लोब नावाच्या शास्त्रज्ञाने अनेक वर्षं प्रयोग केले आणि १९२४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जास्तीची रोपं मात्र टेकडीवर नेऊन टाकू नका. गॅलापागोस बेटांवर ती अशीच पसरून डोकेदुखी झालीये.

आणि फुलं? शाळेच्या चित्रात ती कधी नसायचीच. थंडीत दिवस लहान झाले की उंच दांडा येतो आणि त्यावर आकाशकंदिलांसारखी लालसर-हिरवट फुलं खाली मान घालून लटकतात.