कानावरची बंद वाटी

ज्या हेडफोनच्या वाटीची पाठ पूर्ण झाकलेली असते, त्याला क्लोज्ड-बॅक किंवा बंद हेडफोन म्हणतात. ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या भागाचा, पडदा हलला की जेवढा आवाज कानाकडे जातो तेवढाच मागेही जातो. उघड्या हेडफोनमध्ये हा मागचा आवाज जाळीतून बाहेर पडतो, बंद हेडफोनमध्ये तो वाटीतच कोंडला जातो. त्यामुळे बाहेरचा गोंगाट कानापर्यंत कमी पोहोचतो आणि कानातला आवाज बाहेर फारसा फुटत नाही. घरी गाणी ऐकणाऱ्याला यातली दुसरी गोष्ट नुसती सोयीची वाटेल. पण ज्या खोलीत मायक्रोफोन चालू आहे तिथे तिच्यावाचून काम अडते. रायपुरात या यंत्राचा माग काढायचा तर म्हणूनच प्रसारणाच्या खोल्यांकडे वळावे लागते, आणि तो माग शहराच्या शंकर नगर भागातल्या दूरदर्शन केंद्रापर्यंत येतो.

भारतात प्रसारण सुरू झाले तेव्हा हेडफोन ही चैन नव्हती. जून १९२३मध्ये मुंबईत रेडिओ क्लबचे कार्यक्रम सुरू झाले आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र उघडले. त्या काळचा सर्वांत स्वस्त संच म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला बॅटरी लागत नसे, पण लाउडस्पीकर हलवण्याइतकी ताकदही त्यात नसे, म्हणून कानाला हेडफोन लावूनच ऐकावे लागे. मुंबईच्या प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॅट होती आणि त्याचा भरवशाचा पल्ला तीस मैलांच्या आसपास. रेल्वेने अकराशे किलोमीटरहून दूर असलेल्या रायपूरला या क्रिस्टल सेटचा काही उपयोग नव्हता. रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होते आणि राजधानी नागपूर. त्या नागपुरात आकाशवाणी केंद्र आले ते १६ जुलै १९४८ रोजी. तिथून मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत कार्यक्रम होत. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना आपल्या भाषेतले जवळचे केंद्र तेच. पण तोवर व्हॉल्व्हचे रेडिओ आले होते आणि ऐकणे ही साऱ्या घराची गोष्ट झाली होती. श्रोत्याच्या कानावरून हेडफोन उतरला आणि पुढची काही दशके तो स्टुडिओतच राहिला.

त्या वेळेपर्यंत परदेशात हेडफोनमध्ये बराच बदल झाला होता. अमेरिकेच्या युटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१०मध्ये स्वयंपाकघरात बसून तयार केलेले संच अमेरिकी नौदलाने घेतले. आवाज नौदलाला पसंत पडला, पण डोक्यावरचा पट्टा टोचत होता. तक्रार आल्यावर बाल्डविन यांनी चामड्यात मढवलेल्या दोन तारांचा, मागेपुढे सरकवता येणारा पट्टा बसवला. हेडफोनच्या इतिहासातला हा पहिल्या काही फेरफारांपैकी एक, आणि तो आवाजासाठी झाला नाही, डोक्याला त्रास होऊ नये म्हणून झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९३७मध्ये बर्लिनच्या ऑयगेन बायर यांनी डीटी ४८ बाजारात आणला. लाउडस्पीकरसारखी चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी असलेला हा पहिला हेडफोन, आणि तोही बंद पाठीचा. तो सुमारे पाऊण शतक बनत राहिला. १९५८मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी एसपी/३ हा स्टीरिओ हेडफोन आणला आणि तिकडे हेडफोन पुन्हा संगीत ऐकणाऱ्यांकडे आला.

आकाशवाणीचे रायपूर केंद्र २ ऑक्टोबर १९६३ रोजी सुरू झाले. ‘चौपाल’ या त्याच्या छत्तीसगढी कार्यक्रमाने गावागावांत श्रोते जोडले आणि लोकगीतांच्या ध्वनिमुद्रणाला शहरात कायमची जागा मिळाली. अशा स्टुडिओत निवेदकाच्या खोलीतला लाउडस्पीकर माईक उघडताच बंद करावा लागतो. नाही केला तर त्याचा आवाज माईकमध्ये शिरतो, पुन्हा स्पीकरवर येतो आणि कर्कश शिट्टी सुरू होते. मग निवेदकाला पुढच्या खोलीतल्या सहकाऱ्याची सूचना आणि चालू असलेली ध्वनिफीत ऐकायची तर कानावर बंद हेडफोनच हवा. गायकाचेही तसेच. कानात वाजणारा ठेका हेडफोनमधून निसटला तर गाण्याच्या ट्रॅकवर तो कायमचा उमटतो, आणि नंतर कितीही घासले-पुसले तरी निघत नाही.

दूरचित्रवाणी रायपूरला आली ती उपग्रहाच्या मार्गाने. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ हा शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत झाला. मध्य प्रदेशातला त्याचा गट रायपूर परिसराचा होता. नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून एका चित्रासोबत दोन ध्वनिवाहिन्या पाठवता येत, म्हणजे तेच चित्र दोन भाषांत ऐकवता येई. गावात चौकातल्या संचाभोवती शेकडो माणसे बसत, तिथे हेडफोनचा संबंध नव्हता. तो होता दुसऱ्या टोकाला: एका चित्रावर दोन भाषांचे ध्वनी जोडायचे तर कोणता आवाज कुठल्या वाहिनीवर जातो हे शेजारच्या आवाजाची सरमिसळ न होता तपासावे लागते. प्रयोग संपल्यावर त्याचा लाभ अखंड राहावा म्हणून १९७७मध्ये जे जमिनीवरचे प्रक्षेपक उभारले गेले त्यांत रायपूर होते. शंकर नगरातल्या दूरदर्शन केंद्राच्या मागे ही परंपरा आहे.

चित्रवाणीच्या कामात हेडफोनकडून मागण्या वाढल्या. कॅमेरामन, ध्वनितंत्रज्ञ, फ्लोअर मॅनेजर या सगळ्यांच्या कानावर तासन्‌तास वाटी असते, आणि कितीही चांगला वाजला तरी दुसऱ्या तासाला कानशिले दुखवणारा हेडफोन तिथे टिकत नाही. याच वर्गातल्या कामासाठी बनलेला सेनहायझरचा एचडी २५ (१९८८) केबलशिवाय सुमारे १४० ग्रॅमचा आहे आणि त्याची एक वाटी कानावरून मागे फिरवता येते, म्हणजे एका कानाने कार्यक्रम आणि दुसऱ्याने माणसे ऐकता येतात. १९८५चा बायरडायनामिक डीटी ७७० कानाभोवती पूर्ण बसतो, मखमली गाद्यांमुळे मऊ लागतो आणि वजनाने २७० ग्रॅमच्या घरात जातो. सोनीचा १९९१चा एमडीआर-७५०६ त्याहून हलका, मिटून पिशवीत मावणारा, गुंडाळी केबलचा. या तिघांची तुलना करताना ‘चांगला कोणता’ हा प्रश्न फसवा आहे, कारण प्रत्येकाने कशाच्या तरी मोबदल्यात काहीतरी सोडले आहे.

तो मोबदला समजायला वाटीच्या आत काय घडते ते पाहावे लागते. ५० हर्ट्‌झच्या आवाजाच्या लाटेची लांबी सुमारे सात मीटर असते. एवढी लाट कानावरच्या वाटीत मावणारच नाही. तिथे लाट नसते, फक्त कोंडलेल्या हवेचा दाब वरखाली होत असतो. म्हणून गादी त्वचेला सगळीकडून घट्ट टेकली तर खालचे सूर भरदार येतात. कुठे फट राहिली तर दाब तिथून निघून जातो आणि बास कोसळतो. चष्म्याची काडी ही अशी सर्वांत नेहमीची फट. दाट केस, कानामागचा खळगा, सैल पट्टा ही बाकीची. याउलट ८,००० हर्ट्‌झच्या आवाजाच्या लाटेची लांबी चार सेंटिमीटरच्या जरा वर असते, म्हणजे जवळजवळ वाटीएवढी. तो आवाज भिंतींवर आपटून परततो, कुठे दुप्पट होतो, कुठे पुसला जातो. सारंगीवर गज फिरतो त्याची खरखर किंवा ‘स’चा सूत्कार एका हेडफोनमध्ये बोचतो आणि दुसऱ्यात मिळून येतो, त्यामागे बहुतेक वेळा हे कारण असते. उघड्या हेडफोनला मागच्या भिंतीचा हा जाच नाही. सेनहायझरने १९६८मध्ये एचडी ४१४ हा उघडा हेडफोन आणल्यापासून निवांत ऐकणारे तिकडे वळले ते उगीच नाही.

तुलनेची शिस्त मात्र उशिरा आली. १९७२मध्ये अमेरिकेत नोल्स कंपनीने केमार हा मानवी धडाचा पुतळा तयार केला. त्याच्या कानात मायक्रोफोन बसवून हेडफोन मोजता येऊ लागले. मोजमाप हाती आले तरी कोणता सूर किती मोठा ऐकू यावा, याचा आलेख कसा असावा यावर एकमत नव्हते. २०१२-१३च्या सुमारास हरमन कंपनीतले शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी अनेक श्रोत्यांवर चाचण्या घेतल्या तेव्हा बहुसंख्य लोकांना चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा, खालचे सूर थोडे उचललेला आवाज आवडतो असे दिसले. घरी तुलना करणाऱ्यालाही यातून एक धडा घेता येतो: दोन्हींचा आवाज आधी समान पातळीवर आणावा. एखाद्या डेसिबलने मोठा वाजणारा हेडफोन कानाला आपोआप ‘जास्त स्वच्छ’ वाटतो, आणि दुकानातले बरेच निर्णय एवढ्यावरच होतात. चालवायला जास्त व्होल्टेज लागणारा २५० ओहमचा हेडफोन मोबाइलला लावून दबका वाजतो म्हणून तो वाईट ठरवणे, हीही तशीच चूक.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले. त्याच्या काही दिवस आधी सतीश जैन यांचा ‘मोर छइहां भुइयां’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि छत्तीसगढी चित्रपट-गाण्यांचा धंदा उभा राहिला. १९६५च्या ‘कहि देबे संदेस’ या चित्रपटाची गाणी मुंबईला जाऊन ध्वनिमुद्रित करावी लागली होती. संगणकावरच्या ध्वनिमुद्रणामुळे आता तेच काम रायपुरातल्या एखाद्या खोलीत होऊ लागले. अशा खोलीला वेगळी कंट्रोल रूम नसते. गायक, संगणक आणि पंखा एकाच ठिकाणी. बंद हेडफोनवाचून तिथे एकही ट्रॅक निघत नाही. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि माईक उघडा असताना पंखा बंद ठेवावा लागतो, तेव्हा गाद्यांचा प्रश्न युरोपातल्या माहितीपत्रकात दिसतो त्याहून फार तातडीचा होतो.

हेडफोनला हात लावायचा तर सुरुवात गाद्यांपासूनच होते. कृत्रिम चामड्याची गादी हवा धरून ठेवते, बास देते, पण घाम आणि उष्णतेत तिचा वरचा थर दोन-तीन वर्षांत सोलपटून काळे कण गालाला चिकटू लागतात. मखमली गादी थंड राहते, पण तिच्यातून हवा झिरपते आणि खालचे सूर पातळ होतात. मधला मार्ग म्हणून आतल्या बाजूला भोके असलेले चामडे आणि बाहेर साधे चामडे अशा गाद्या मिळतात. गादीची जाडी बदलली की कान आणि ड्रायव्हर यांतले अंतर बदलते आणि वरचे सूर हलतात. म्हणून ‘फक्त आरामासाठी’ गादी बदलली असे कधीच होत नाही. पट्टा फार दाबत असेल तर पुस्तकांच्या चळतीवर हेडफोन ताणून रात्रभर ठेवण्याचा उपाय सगळीकडे चालतो, पण तोही बेताने करावा. पकड ढिली झाली की फट पडते आणि आवाज गेला.

वाटी उघडण्याची पद्धत जपानच्या फॉस्टेक्स टी५०आरपीवर सर्वांत जास्त रुळली. गादी ओढून काढली की ड्रायव्हरच्या पट्टीचे चार स्क्रू दिसतात. ते सोडवल्यावर पातळ प्लास्टिकची वाटी आणि तिच्या भिंतीतली फेल्टने झाकलेली चौकोनी छिद्रे समोर येतात. ही छिद्रे कागदी टेपने थोडीथोडी बंद करत जायची आणि दर वेळी तेच गाणे ऐकायचे. पूर्ण बंद केली तर बास बदलतो आणि आवाज कोंदट होऊ शकतो. वाटी वाजत असेल तर भिंतीला प्लॅस्टिसिनचा पातळ थर चोपडतात, त्याने प्लास्टिकची थरथर थांबते. मग पिंजलेला कापूस सैल भरतात. तो दाबून भरला तर आतली हवाच कमी होते आणि मधले सूर नाकातून आल्यासारखे लागतात. दोन्ही वाट्यांत कापूस सारख्याच वजनाचा नसेल तर गाण्याचा मध्य एका बाजूला सरकतो, म्हणून इथे तराजू लागतो. हे फेरफार करता करता काहींनी धंदाच उभा केला. अमेरिकेतल्या डॅन क्लार्क यांनी टी५०आरपी बदलून ‘मॅड डॉग’ विकला, पुढे २०१३मध्ये त्रिमितीय छपाईची स्वतःची वाटी वापरून ‘अल्फा डॉग’ काढला आणि नंतर संपूर्ण हेडफोन स्वतः बनवू लागले. शिकागोच्या झॅक मेहरबाक यांच्या झेडएमएफची सुरुवातही याच मॉडेलच्या फेरफारांतून झाली.

रायपुरातल्या जयस्तंभ चौकातल्या रवी भवनासारख्या बाजारात दुरुस्तीवाले जॅक बदलतात, तुटलेली केबल पुन्हा डागतात. वाटीच्या आतले काम त्यांच्याकडे क्वचितच येते, पण डागकामाचे कौशल्य तेच लागते. ज्याला केबल सुटी करून घ्यायची आहे, त्याने वाटीला छिद्र पाडून सॉकेट बसवताना कडेला सील करणे विसरू नये. जॅकभोवतीची बारीक फटही बास खाते.

गोंगाट-प्रतिबंधक हेडफोनांनी या हस्तकलेला मर्यादा घातली. अमर बोस यांनी १९७८मध्ये विमानात मांडलेल्या कल्पनेतून १९८९मध्ये वैमानिकांचा हेडसेट आणि २०००मध्ये सर्वसामान्यांसाठी क्वाएटकम्फर्ट निघाला. बंद वाटी उंच सूर सहज अडवते, पण इंजिनाचा घरघराट तिला अडवता येत नाही. तो घरघराट वाटीतला माईक ऐकतो आणि ड्रायव्हर त्याच्या उलटा आवाज काढून पुसतो. हे गणित कारखान्यातल्या गादीवर बेतलेले असते. दुसरी गादी लावली की फट बदलते, माईकचा अंदाज चुकतो, गोंगाट पुसला जाण्याऐवजी कधी वाढतोही. म्हणून अशा हेडफोनमध्ये कंपनीचीच गादी बदलायची, आतला कापूस छेडायचा नाही, आणि आवाजात फरक हवा असेल तर तो फोनमधल्या इक्वलायझरने करायचा. असे हेडफोन आता बहुतेक बिनतारी असतात. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मात्र बिनतारी संच आणि त्याला होणारा विलंब चालत नाही. गायकाचा स्वर कानात क्षणभर उशिरा आला तरी तो तालातून सुटतो, त्यामुळे तिथे अजूनही तारेचा, बंद पाठीचा हेडफोनच वापरला जातो.