फीडलॉटसाठी गुरांचा व्यापार
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कुरणांवर वाढलेली, साधारणतः ६०० ते ८०० पौंड वजनाची खोंडे व कालवडी, मक्यासारखे धान्य चारून मांसासाठी पुष्ट करण्याकरिता टेक्सस, कॅन्सस, नेब्रॅस्का इत्यादी राज्यांतील ‘फीडलॉट’ नामक विस्तीर्ण वाड्यांस विकण्याचा व्यवहार. लिलावगृहात जनावरे रिंगणात आणून दर शंभर पौंडांस भाव पुकारला जातो. मात्र बोली लावणारा पुष्कळदा वाड्याचा मालक नसून, त्याच्या वतीने दलालीवर ठिकठिकाणच्या बाजारांतून एकजिनसी कळप जमविणारा अडत्या असतो. ओक्लाहोमा सिटीचा बाजार या व्यापारात विशेष प्रसिद्ध आहे.

कुरणावरच ठरणाऱ्या सौद्याची खरी मेख वजनात असते : प्रवासात व उपासात जनावर घटते म्हणून दोन-तीन टक्क्यांची वजावट करारातच नमूद होते, आणि सुपूर्दीच्या वेळी वजन ठरल्याहून अधिक भरल्यास, जड जनावराचा दर पौंडामागे उतरतो या न्यायाने, भाव क्रमशः कमी केला जातो. वरवर पाहता रास्त भासणारे हे कलम अननुभवी विक्रेत्यास हमखास चकविते.

भावातील चढउतारांपासून संरक्षण म्हणून शिकागो मर्कंटाइल एक्सचेंजमध्ये पुष्ट गुरांचे वायदे १९६४ मध्ये, तर पोसावयाच्या गुरांचे १९७१ मध्ये सुरू झाले. यांपैकी दुसरा वायदा ५०,००० पौंडांचा असून त्याची पूर्तता १९८६ पासून रोखीने होते. पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स कायद्यान्वये (१९२१) या व्यवहारांवर केंद्र शासनाची देखरेख असून, अन्यथा लेखी करार नसल्यास व्यापाऱ्यास खरेदीची रक्कम पुढील कामकाजाच्या दिवसाअखेर चुकती करावी लागते.