मुख्याध्यापक वर्गात येतात तेव्हा

मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या वह्या पाहिल्या, तर शाळा चालवणे म्हणजे नोंदी पुऱ्या करणे असाच समज होईल. शिक्षकांचे मस्टर, पोषण आहाराची साठा नोंदवही, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, यू-डायसची माहिती, संचमान्यतेसाठी पटाची पडताळणी. यातले एकही काम टाळता येत नाही. तांदळाचा हिशेब चुकला तर उद्याच्या जेवणाची पंचाईत होते आणि पट कमी लागला तर शिक्षकाचे पद जाते. तरीही शालेय नेतृत्वाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना पहिल्यांदा हेच सांगावेसे वाटते, की या विषयाचा गाभा त्या टेबलाजवळ सापडणार नाही. वर्गात मुले काय शिकतात आणि ते सुधारावे म्हणून शाळेचा प्रमुख शिक्षकांबरोबर काय करतो, यात तो आहे.

हा विषय तसा तरुण आहे. मुलांच्या यशापयशात शाळेपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा, असा निष्कर्ष अमेरिकेतल्या १९६६ च्या कोलमन अहवालातून काढला गेला. त्याला उत्तर म्हणून रॉन एडमंड्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी गरीब वस्त्यांतल्या, तरीही मुलांना नीट शिकवणाऱ्या शाळा शोधून काढल्या. अशा शाळांत खंबीर प्रमुख असतो, हे त्यांनी १९७९ च्या सुमारास मांडले. पुढे केनेथ लिथवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सांगितले, की शाळेच्या हातातल्या गोष्टींपैकी मुलांच्या शिकण्यावर सर्वांत जास्त परिणाम वर्गातल्या अध्यापनाचा होतो आणि त्याखालोखाल नेतृत्वाचा. मात्र हा परिणाम बहुतांशी शिक्षकांमार्फत पोचतो. प्रमुखाने शिक्षकाला बळ दिले तर ते मुलांपर्यंत जाते, एरवी मधेच विरते.

बळ द्यायचे म्हणजे काय करायचे? न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात उद्दिष्टे ठरवणे, साधनसामग्री पुरवणे, शिस्तीचे व सुरक्षित वातावरण राखणे या सगळ्यांचा उपयोग दिसला. पण या सर्वांना मागे टाकणारी गोष्ट होती ती शिक्षकांच्या शिकण्यात प्रमुखाने स्वतः सहभागी होण्याची. प्रशिक्षणाला शिक्षक पाठवणे आणि त्यांच्या शेजारी बसून शिकणे, या दोन कृतींत फार अंतर आहे. या आढाव्यातले अभ्यास थोडे आहेत आणि बहुतेक अमेरिकेतले आहेत, याचे भान ठेवावे. निष्कर्षाची दिशा मात्र मला पूर्णपणे पटते.

आपल्याकडे याची कसोटी पाहायची तर लॉगबुक उघडावे. मुख्याध्यापकांनी पाठ पाहून शेरा लिहायचा, शिक्षकाने सही करायची, ही जुनी रीत आहे. शेरा बहुधा असा असतो: पूर्वतयारी चांगली, फलकलेखन सुवाच्य, अध्यापन समाधानकारक. सही होते, वही मिटते, आणि शिक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. याउलट एखाद्या मुख्याध्यापिकेने लिहिले, की हातच्याच्या वजाबाकीत मागच्या रांगेतल्या चार मुली प्रत्येक वेळी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होत्या, दशक सुटे करून दाखवायला त्यांना काड्या द्याव्यात, उद्या तुम्ही शिकवताना मी त्यांच्याजवळ बसते. तर तोच कागद उपयोगाचा होतो. त्यात शिक्षकाची परीक्षा नाही. मुलींच्या चुकीचा शोध आहे आणि प्रमुखाने स्वतःवर घेतलेले काम आहे. असे शेरे लिहायला विषयाची जाण लागते, वेळ लागतो, आणि आपल्या वर्गातली अडचण बोलून दाखवली तर गोपनीय अहवालात ती आपल्याविरुद्ध जाणार नाही, हा विश्वास शिक्षकाला वाटावा लागतो. तो विश्वास निर्माण करणे हे मी मुख्याध्यापकाचे सर्वांत अवघड काम मानतो.

विद्यार्थ्यांच्या बाबतीतही खरे काम नोंदींच्या पलीकडेच असते. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि आईबापांबरोबर मुलेही कारखान्याच्या वाटेला लागतात. त्यांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण ती चालवायची तर टोळी निघण्याआधी घरोघरी जावे लागते, आजीआजोबांशी बोलावे लागते, शाळा व्यवस्थापन समितीला कामाला लावावे लागते. शिक्षण हक्क कायद्याने समितीत पंचाहत्तर टक्के पालक ठेवले, त्याचा अर्थ अशा वेळी कळतो.

हाच कायदा आपल्या अभ्यासापुढे मोठा प्रश्नही उभा करतो. त्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीत दीडशेहून अधिक मुले असतील तरच वेगळा मुख्याध्यापक मिळतो. वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत ज्येष्ठ शिक्षकाकडे प्रभार येतो. तो तिसरी-चौथी एकत्र शिकवतो, मधल्या सुट्टीत ऑनलाइन माहिती भरतो, आणि त्याच्या नेतृत्वाखाली असते ती एकच सहकारी शिक्षिका. परदेशी ग्रंथांतला प्राचार्य वर्गाबाहेर असतो, त्याने वर्गात जावे म्हणून आर्जवे करावी लागतात. आपला प्रभारी मुख्याध्यापक वर्गातून बाहेर पडूच शकत नाही, त्यामुळे दुसऱ्या वर्गात डोकावायला त्याला सवड नसते.

या अडचणीवरची एक वाट जुनीच आहे: कोठारी आयोगाने (१९६४–६६) शेजारच्या शाळा एकमेकींना जोडाव्यात असे सुचवले होते. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. आपली केंद्रशाळा त्याच विचाराच्या जवळची. केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचून दाखवण्याऐवजी दोन शाळांतल्या मुलांच्या वह्या समोर ठेवल्या, तर द्विशिक्षकी शाळेचा एकटेपणा पुष्कळ कमी होईल. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांसाठी वर्षाला पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. त्यातले काही तास दोघांनी मिळून घालवावेत, असा माझा आग्रह आहे.

मराठीत या विषयावर वाचायला नाही, ही तक्रार मला मान्य नाही. अनुताई वाघ यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून', कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयाविषयी लीलाताई पाटील यांनी केलेले लेखन, हे सारे शालेय नेतृत्वाचेच साहित्य आहे. आपण ते त्या कपाटात ठेवत नाही, इतकेच. नव्या अभ्यासकाने त्याच्या जोडीला आपल्या केंद्रातल्या एखाद्या शाळेची गेल्या पाच वर्षांची लॉगबुके, संबंधित शिक्षकांच्या संमतीने, वाचायला घ्यावीत. कोणत्या शेऱ्यानंतर वर्गात काही बदलले, हे त्या शिक्षकांनाच विचारावे.