एक एकर जमीन आणि एक पदवी



गेल्या पंधरवड्यात कारखान्यांचा पट्टा पडला आणि आपल्या गावोगावच्या टोळ्या घरी परतल्या. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरे एकाच ट्रॉलीत घालून आलेली ही माणसे आता मुकादमाशी हिशेब मिटविण्याच्या खटपटीत आहेत. त्यांच्या बाजूने त्या हिशेबाला बसणे हे माझे काम. अशाच एका बैठकीत, फिटलेल्या आणि न फिटलेल्या उचलीचे आकडे मांडून झाल्यावर, एका बापाने मला विचारले, "अण्णा, बी. ए.ला किती लागतंय, आन् त्यातून निघतंय काय?"

हा प्रश्न शिकलेल्या माणसांना आवडत नाही. विद्या ही पवित्र वस्तू, तिचा भाव करू नये, असे म्हणून ते मोकळे होतात. पण ज्याला मिठापासून औषधापर्यंत प्रत्येक वस्तूचे मोल टनात चुकवावे लागते, त्याने तो विचारू नये काय? मी स्वतः सातवी शिकलेला माणूस. विद्यापीठाच्या फाटकापर्यंत गेलो तो मोर्चाबरोबर. त्या बापाला मी बैठकीत जे उत्तर दिले ते अपुरे होते. आज ते पुरे करण्याचा प्रयत्न करतो, आणि त्यासाठी थोडे मागे, निजामाच्या अमदानीत जावे लागेल.

तत्पूर्वी या गडाविषयी एक गोष्ट. भगवानबाबांची पूर्वीची वर्षे याच नारायणगडावर गेली. पुढे त्यांनी भगवानगड वसविला. एक एकर जमीन विका पण पोराला शाळेत घाला, असे बाबा सांगत, हे आपण सर्वांनी आपल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकले आहे. मला त्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. विद्या फुकट मिळते असे बाबांनी कोणाला सांगितले नाही. त्यांनी सरळ किंमत सांगितली : एक एकर. ज्याच्याजवळ एकरच नाही त्याने काय विकावे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

१९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले. त्याला नावे ठेवण्यापूर्वी एवढे कबूल केले पाहिजे की देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो फार मोठा प्रयोग होता. पाठ्यपुस्तके उर्दूत आणण्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते चालविले गेले. इंग्रजीवाचून शास्त्रे शिकविता येत नाहीत असे म्हणणाऱ्यांना ते चोख उत्तर होते. पण संस्थानातील बहुसंख्य रयत बोलत होती तेलुगू, मराठी आणि कानडी. म्हणजे देशी भाषेचे विद्यापीठ निघाले, आणि बीडच्या मुलाला ते पुन्हा परक्या भाषेचेच ठरले. १९२३ साली औरंगाबादेत इंटरमीजिएट कॉलेज झाले, पण पदवीसाठी हैदराबादच गाठावयाचे, नाहीतर पुण्या-मुंबईकडे निघावयाचे. बीडला रेल्वे नव्हती. (ती यायला २०२५ साल उजाडले, हे जाता जाता सांगतो.) तेव्हा वतनदार, वकील, सावकार यांच्या घरचा मुलगा शिके, कुळाचा मुलगा त्याचे सामान मोटारीवर चढवून देई.

त्यातही १९३८ साली उस्मानियाच्या वसतिगृहातील मुलांनी वंदे मातरम् म्हटले म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. घरदार सोडून शिकावयास आलेल्या मुलाने एका गाण्यासाठी पदवी पणाला लावली, ही किंमत कोणत्याही फीच्या पावतीवर लिहिलेली नव्हती. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे आधी आपल्याच अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादेस, मुख्याध्यापक होते, हेही या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ज्याच्याजवळ एकर नाही त्याचा विचार पहिल्यांदा कोणी केला, असे विचाराल तर माझे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे आहे. मराठवाडा विद्यापीठ निघण्यापूर्वी आठ वर्षे, १९५० साली, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. नागसेनवनात नुसते वर्ग उभे राहिले नाहीत, वसतिगृहेही उभी राहिली. संघटनेच्या कामातला माणूस म्हणून मला या योजनेचे फार कौतुक वाटते. गरिबाच्या मुलाला शिक्षण महाग पडते ते फीमुळे थोडे, आणि दोन वेळच्या भाकरीमुळे व रात्रीच्या निवाऱ्यामुळे फार. परगावी जेथे ओळखीचे घर नाही, आणि असले तरी जातीमुळे दार उघडेल याची शाश्वती नाही, तेथे खोलीचा प्रश्न हाच शिक्षणाचा प्रश्न होतो.

१९५६ च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचना झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि उस्मानिया विद्यापीठ दुसऱ्या राज्यात राहिले. न्यायमूर्ती पळणीटकर यांच्या समितीने मराठवाड्यासाठी स्वतंत्र विद्यापीठाची शिफारस केली, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठाच्या कारभारात मुरलेले गृहस्थ होते.

या विद्यापीठाने बीडच्या माणसाचा खर्च कसा उतरविला? विद्यापीठ जवळ आले हे एक. पण खरी गोष्ट अशी की विद्यापीठाच्या आधाराने तालुक्या-जिल्ह्याच्या गावी महाविद्यालये निघाली. मुलगा सकाळी घरची भाकरी बांधून घेऊन कॉलेजात जाऊ लागला. यशवंतराव चव्हाणांच्या कारकीर्दीत कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फीमाफी सुरू झाली, ई. बी. सी.चा फॉर्म आणि तलाठ्याचा दाखला हे शब्द तेव्हापासून घरोघरी रुळले.

आणि निघत होते काय? निघत होते, भरपूर निघत होते. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. शाळा, पंचायत समित्या, बँका, पाटबंधारे, महसूल. जेथे पाहावे तेथे शिकलेला माणूस हवा होता. त्या पिढीत एकर विकून शिकलेल्याने दहा वर्षांत दोन एकर घेतल्याची उदाहरणे या मंडपातही असतील. बाबांचा हिशेब तेव्हा तंतोतंत खरा ठरला.

पण एका पिढीला जे मिळाले ते पुढच्या पिढीला त्याच भावाने मिळतेच असे नाही. पदवीधर वाढले, जागा त्या मानाने वाढल्या नाहीत, आणि १९७२ च्या दुष्काळाने शेतीचा आधारही हादरला. १९७४ साली परभणीच्या कृषी विद्यापीठातील नोकरभरतीवरून ठिणगी पडली आणि मराठवाडा विकास आंदोलन पेटले. वसमतला गोळीबारात तरुण बळी पडले. विद्यापीठे मागून घेतली, आता नोकऱ्या द्या, असा तो आक्रोश होता.

चार वर्षांनी, २७ जुलै १९७८ रोजी, विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, आणि मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. त्या प्रकाराची सर्व कारणे मी येथे सांगू शकणार नाही. जातीचा माज हे मुख्य कारण, यात मला शंका नाही. परंतु तुटपुंज्या जागांसाठी रांगेत उभ्या असलेल्या तरुणाला, आपली जागा शिष्यवृत्तीवर शिकलेल्या महाराच्या पोराने घेतली, असे सांगणारे पुष्कळ होते, आणि ते ऐकणारेही पुष्कळ निघाले. जागा कोणी केल्या नाहीत, हे विचारणारे थोडे. आमच्या चळवळीतील लोकही त्या वेळी पुरेसे बोलले नाहीत, असे माझे मत आहे. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने दुसरे विद्यापीठ होऊन मराठवाड्याचा निम्मा भाग तिकडे गेला. बीड आपले जुन्याच विद्यापीठात राहिले.

१९९४ हे साल माझ्या घरच्या हिशेबातही आहे. त्या वर्षी माझा धाकटा भाऊ बी. ए. झाला. आम्ही एकर विकला नाही, कारण विकण्याजोगा एकर आमच्याजवळ नव्हता. जी होती ती बरड. वडिलांनी आणि मी उचल घेतली, आणि तीन हंगाम त्याच्या नावाने ऊस तोडला. घरात सगळे म्हणत, थोरल्याने धाकट्याला शिकविले. मीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत असे, आणि म्हणताना छाती थोडी पुढे येई. पुढे एकदा आमची आई बोलून गेली, की अरे, तिसरीतून काढली ती कोणाला? आमची बहीण त्या तीन हंगामांत कोपीवर भाकरी थापीत होती आणि धाकटी लेकरे सांभाळीत होती, म्हणून आई फडात पूर्ण दिवस उभी राहू शकली. भावाच्या पदवीच्या प्रमाणपत्रावर विद्यापीठाचा शिक्का आहे. तिच्या नावाची कोठे नोंद नाही. ती आजही अंगठा करते. आमच्या पदवीची खरी किंमत विचाराल तर ती ही.

मिळकतीची बाजूही सांगतो. भावाने पुढे बी. एड. केले आणि एका विनाअनुदानित शाळेत बिनपगारी शिकविले. किती वर्षे, ते सांगताना त्याला अजून लाज वाटते. ती खरे तर दुसऱ्या कोणाला वाटावयास हवी. सुटीत तो आमच्याबरोबर फडात येई. रात्री कोपीत कंदिलापाशी तो मला किमान वेतनाचा कायदा वाचून दाखवी, आणि मी अडलेला शब्द विचारी. त्याच्या कॉलेजची इतिहासाची आणि अर्थशास्त्राची पुस्तके मी अशीच वाचली. संघटनेचे पहिले अर्ज त्याच्या अक्षरात आहेत. मुकादमाच्या वहीतील बेरीज चुकली आहे हे पहिल्यांदा टोळीसमोर त्याने दाखविले, आणि त्या वर्षी अकरा कोयत्यांची बाकी कमी झाली. त्याला पगार सुरू होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. तेव्हा जमाखर्च मांडताना ही रक्कम कोणत्या रकान्यात घालावयाची ते मला अजून नीटसे ठरविता आलेले नाही.

आता आजचा भाव. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनामागे ३६६ रुपये ठरला. मुलाला शहरात ठेवावयाचे तर खोली, खाणावळ आणि एस. टी. मिळून महिन्याला पाच हजार धरा. वर्षाचे दहा महिने. तीन वर्षांचे दीड लाख झाले. म्हणजे सुमारे ४१० टन ऊस. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको, दिवसाला दोन टन तोडतात असे मानले, तर २०५ दिवस. हंगाम असतो पाच महिन्यांचा. म्हणजे सबंध एक हंगाम आणि वर जवळजवळ दोन महिने, एक पैसाही न खाता. फी या हिशेबात मी धरलेलीच नाही. व्यावसायिक शिक्षणातील मुलींची फी २०२४ पासून आठ लाखांच्या आतील उत्पन्नाला माफ झाली, चांगले झाले. पण फी माफ झाली म्हणून खाणावळवाला पैसे सोडत नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे काढण्याची, भगवानबाबांच्याच नावाची योजना २०२१ साली सरकारने जाहीर केली. बाबासाहेबांना १९५० साली जे कळले होते ते सरकारला कळण्यास सत्तर वर्षे लागली, असो. या ८२ पैकी प्रत्येक इमारत, प्रत्येक खाट मागून घेणे हे आता आपले काम आहे. विद्यापीठात नवा विभाग काढण्याच्या घोषणेपेक्षा मला एक खाट अधिक मोलाची वाटते.

आणि ज्याला नुसती नोकरी हवी त्याने आधी चौकशी करावी. तासिका तत्त्वावर राबणारे प्राध्यापक, पुण्यात खोली करून स्पर्धा परीक्षेत वर्षे घालविणारी मुले आपण रोज पाहतो. त्यांच्या बापांना मी कोणत्या तोंडाने सांगू की एकर विका? जमीन विकू नका, असे मी आज स्पष्ट सांगतो. जवळचे कॉलेज, वसतिगृह, शिष्यवृत्ती, आणि जोडीला हाताचे एखादे काम, असे साधत असेल तर जरूर शिकवा. मात्र एकाला शिकविण्यासाठी दुसऱ्याचे दप्तर काढून घेऊ नका.

त्या बैठकीत हा टनांचा हिशेब मी त्या बापाला करून दाखविला होता. त्याने तो शांतपणे ऐकला. मी विचारले, "मुलगा कितवीला आहे?" तो म्हणाला, "पोरगा न्हाई अण्णा, पोरगी हाय. बारावी झाली. कोपीवर राहून, मोबाईलवर वाचून झाली." त्याची बायको मागे बसली होती. ती पुढे सरकली आणि म्हणाली, "पुढल्या साली धाकट्यास्नी कोण सांभाळील ते मी बघते. तुम्ही त्या होस्टेलचा फारम कवा निघतो तेवढं सांगा."