अहेरीचा खटला आणि जमिनीचे धनीपण

नागपूरच्या विधानभवनावरून नंदनवनाकडे परतताना आम्हांला अनेकदा एका विस्मृत कायद्याचे स्मरण होते. १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. येथील विधानसभेने १९५० मध्ये मालगुजारी व जमीनदारी नष्ट करणारा कायदा संमत केला आणि ३१ मार्च १९५१ पासून गावोगावचे स्वामित्वाधिकार शासनाकडे आले.

परंतु त्या वेळी संविधानाने मालमत्तेचा हक्क मूलभूत मानला होता. त्याचाच आधार घेऊन चांदा जिल्ह्यातील अहेरीचे जमीनदार विश्वेश्वरराव सर्वोच्च न्यायालयात गेले. याच संविधानाचा अनुच्छेद ३९ मात्र राज्याला बजावतो, की संपत्तीचा संचय सर्वसामान्यांना अपायकारक होऊ नये. एकाच ग्रंथातील ही दोन वचने परस्परांसमोर उभी ठाकली. संसदेने जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून अशा कायद्यांना नवव्या अनुसूचीचे कवच दिले आणि मे १९५२ मध्ये न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला.

न्याय पूर्ण झाला काय? मालगुजाराची घरशेती त्याच्याकडेच राहिली. ज्याच्या नावे एक बांधही नव्हता, तो शेतमजूर होता तेथेच राहिला. राजकीय समता मिळेल, पण सामाजिक व आर्थिक विषमता उरेल, हा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिलेला इशारा असा खरा ठरला.

पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला. तो केवळ कायदेशीर हक्क उरला. तथापि नोव्हेंबर २०२४ मध्ये, मुंबईच्या जुन्या इमारतींवरून उद्भवलेल्या खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले, की प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. तराजू अद्याप स्थिर नाही.

ख्रिस्तसभेलाही हा प्रश्न नवा नाही. १८९१ मध्ये परमगुरू तेरावे लिओ यांनी खासगी मालमत्तेचा हक्क मान्य केला, पण तिच्या वापरात गरजवंताचा वाटा असतो, हेही बजावले. लेवीय पुस्तकातील योबेल वर्षाचा नियम तर जमीन परमेश्वराची आहे, या श्रद्धेवरच उभा आहे.

न्यायालय मालकी कोणाची हे ठरवील. मालकाचे मन कसे असावे, हे ते ठरवू शकत नाही. ते काम आपले आहे. घरची वाटणी करताना, मजुराच्या हातावर दाम ठेवताना आपली परीक्षा होते. संस्थांच्या जमिनी सांभाळणारे आम्ही धर्मगुरूही त्या परीक्षेतून सुटलेलो नाही.