खानदेशांतील खापरावरचे मांडे

‘मनांतले मांडे’ हा वाक्प्रचार मराठी बोलणाऱ्या बहुतेकांच्या तोंडीं आहे. परंतु तो वापरणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं खरा मांडा पानांत पडलेला पाहिलेला नसतो. देशावर मांड्याची जागा तव्यावरच्या पोळीनें कधींच घेतली. वस्तु गेली व शब्द मागें राहिला, हा प्रकार भाषेच्या अभ्यासकांस नवा नाहीं. नवल आहे तें निराळेंच. जळगांव व धुळें जिल्ह्यांत वैशाख शुद्ध तृतीयेस, म्हणजे तिकडील भाषेंत आखाजीस, अनेक घरीं चुलीवर मातीचें खापर अद्यापि पालथें पडतें, आणि ज्या रीतीनें मांडा करावा म्हणून सुमारें नऊशें वर्षांपूर्वीं एका राजग्रंथांत लिहून ठेविलें, जवळजवळ त्याच रीतीनें तो केला जातो. हीं कामें करणाऱ्या स्त्रियांनीं तो ग्रंथ वाचलेला नाहीं. किंबहुना तो ग्रंथ नीट समजावयाचा तर आपणांसच त्यांच्या चुलीपाशीं गेलें पाहिजे, एवढें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम ग्रंथ पाहूं. मानसोल्लास हा चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेला ग्रंथ शके १०५१ (इ. स. ११२९) मधील. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं तो संपादून प्रसिद्ध केल्यामुळें सर्वांस सुलभ झाला आहे. त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत मंडकाची कृति आली आहे. गहूं धुवावे, उन्हांत वाळवावे, दळावे व चाळावे. पिठास थोडें तूप व मीठ लावून दूधपाण्यानें भिजवावें. मोठ्या लांकडी परातींत हातांनीं आपटून तें चिकट होईपर्यंत मळावें. गोळे करून तळहातांस स्नेह लावावा, तांदळाच्या पिठीवर गोळे फिरवावे, हातांच्या चालीनें ते पसरावे व तापलेल्या खर्परावर टाकावे, असा तिचा सारांश आहे. दुसरा आधार भावमिश्राच्या भावप्रकाशाचा. हा सोळाव्या शतकांतील वैद्यकग्रंथ. त्याचा कृतान्नवर्ग वैद्यमंडळींच्या नित्य परिचयाचा आहे. त्यांतही मंडक आहे, व तो पालथ्या घड्याच्या बाहेरील अंगावर मंद आंचेनें भाजावा असें स्पष्ट म्हटलें आहे.

आतां शंका येते ती अशी. मानसोल्लासकार नुसतें ‘खर्पर’ म्हणतो. खर्पर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. त्याच्या पोटांतही भाजतां येतें व पाठीवरही. भावप्रकाशांतील पालथा घडा हीच त्याची व्याख्या समजावी, कीं चार शतकांनंतरच्या दुसऱ्या प्रांतांतली ती वेगळी चाल मानावी? केवळ पोथ्यांचे पाठ ताडून याचा निकाल लागत नाहीं. खानदेशांत मात्र शब्द आणि वस्तु दोन्ही एकत्र नांदत आहेत. तेथें खर्पराचें ‘खापर’ झालें असून तें नेहमीं पालथेंच घालतात. त्याची पाठ अर्ध्या घड्यासारखी फुगीर असते, आणि मांडा त्या फुगवट्यावर पडून आपल्याच भारानें चोहोंकडे खालीं ओढला जातो. खोलगट भागांत टाकलेला एवढा पातळ पदर गोळा होऊन बसेल. म्हणजे वस्तूचा आकारच अर्थ ठरवितो.

या अर्थास एक अनपेक्षित साक्षीदार आहे. मुक्ताबाईस मांडे खाण्याची इच्छा झाली, विसोबा चाट्यानें कुंभारांस खापर देऊं नका म्हणून ताकीद दिली, व ज्ञानेश्वरांनीं योगाग्नीनें आपली पाठ तापवून तीवर मांडे भाजविले, ही कथा सर्वश्रुत आहे. कथेच्या खरेखोटेपणाचा वाद येथें अप्रस्तुत. परंतु ज्यानें ती प्रथम सांगितली त्याच्या मनांत दोन गोष्टी निश्चित होत्या. एक, मांड्याचें खापर कुंभाराकडूनच आणावें लागे व त्यावांचून मांडे होत नसत. तसें नसतें तर विसोबाच्या ताकिदीस कांहीं अर्थच राहत नाहीं. दुसरी, खापर भाजतांना बहिर्वक्र असे. म्हणूनच त्याच्या जागीं वांकलेली पाठ कल्पितां आली. कथाकार विसंगत उपमान घेत नसतो. या मुक्ताबाईंनीं शके १२१९ (इ. स. १२९७) मध्यें तापीतीरीं देह ठेविला असा वारकरी संप्रदायाचा समज असून, जळगांव जिल्ह्यांतील मुक्ताईनगर, म्हणजे जुनें एदलाबाद, येथून त्यांची पालखी दरसाल पंढरपुरास जाते. मांड्याची कथा व मांड्याची चाल एकाच मुलुखांत टिकावी हा योगायोग असेल. मी त्यावरून अधिक कांहीं सिद्ध करूं इच्छीत नाहीं.

आतां खुद्द कृतीकडे वळूं. मांड्यास गहूं निवडून घेतल्यावर ते ओलवितात, म्हणजे त्यांवर बेतानें पाणी मारून दाबून ठेवितात, व नंतर दळतात. भावप्रकाशांत दळण्यापूर्वीं गव्हांवर पाणी शिंपडण्याचा जो एक शब्द आला आहे, तो वाचकास निरर्थक वाटण्याचा संभव आहे. कारण आधीं धुऊन वाळविलेलें धान्य पुनः भिजवावें कशास? याचें उत्तर जात्याशीं आहे. ओलविलेल्या गव्हाचें साल चिवट होतें, तें पिठांत बारीक न मिसळतां मोठ्या पापुद्र्यांनीं सुटतें, व चाळणींत किंवा वस्त्रांत मागें राहतें. खालीं पांढरें सपीठ पडतें. अर्वाचीन पिठाच्या गिरण्याही याच तत्त्वावर गहूं ओलवून दळतात. भावमिश्राचा शब्द फालतू नव्हता.

भिजविलेली कणीक पुष्कळ वेळ तिंबावी लागते. ती आपटून, ओढून, पुनः घडी घालून इतकी लवचिक करितात कीं तार धरावी. मग दोन्ही ग्रंथांनीं एकेका पदांत उरकलेली क्रिया येते. भावमिश्र तिला ‘हस्तचालना’ म्हणतो. भाकरी थापणाऱ्या प्रदेशांतील वाचक याचा अर्थ हातानें थापणें असा सहज करील, आणि तो चुकेल. खानदेशांत पुरण भरलेली लाटी पोळपाटावर थोडी मोठी झाली कीं ती उचलून हातांवर घेतात. एका तळहातावरून दुसऱ्यावर, तळहातावरून मनगटावर, मनगटावरून कोंपरापर्यंत ती झुलवितात. प्रत्येक झोक्यास ती आपल्या वजनानें वाढते. बोटें कोठेंही रुतूं देत नाहींत, कारण नख लागलें कीं भोंक पडतें व पुरण बाहेर येतें. शेवटीं दोन्ही बाहूंवर पसरलेला तो पदर एका हिसक्यानें खापरावर उतरवितात. हा हिसका शब्दांत सांगतां येत नाहीं. तो मुलगी आईपाशीं किंवा सून सासूपाशीं उभी राहून वर्षांनुवर्षें शिकते. ग्रंथकारानें एका शब्दावर भागविलें यांत त्याचा दोष नाहीं. भाजलेला मांडा घडी घालून ठेवितात व आखाजीस आमरसाबरोबर वाढतात. त्याच दिवशीं कुंभाराकडून आणलेली घागर भरून पितरांस नैवेद्य दाखवावयाचा असतो, खापरही त्याच्याचकडचें.

एक भेद मात्र नजरेआड करूं नये. वरील दोन्ही ग्रंथांतील मंडक-कृतींत पुरणाचा उल्लेख नाहीं. खानदेशी मांड्यांत हरभऱ्याच्या डाळीचें पुरण आहे. सबब आजचा मांडा जशाच्या तसा बाराव्या शतकांतला, असें म्हणणें अतिशयोक्त होईल. टिकलें आहे तें खापर आणि हात. बिनपुरणाचा मंडक पाहावयाचा असेल तर शेजारीं बऱ्हाणपुरास जावें. हें शहर फारुकी सुलतानांची व पुढें मोगली खानदेश सुभ्याची राजधानी. अकबरानें १६०१ त असीरगड घेतल्यावर हा सर्व मुलूख मोगलांकडे गेला. तेथील बाजारांत ‘मांडा’ याच नांवानें मोठमोठ्या पातळ रोट्या हातांवर झुलवून पालथ्या कढईवर भाजतात, व त्या मांसाच्या रश्शाबरोबर खातात. नागपूरकडील मडक्यावरची लांब रोटी याच जातीची. भावप्रकाशांत मंडक तूपसाखर घातलेल्या दुधाबरोबर किंवा शिजविलेल्या मांसाबरोबर खावा असा विकल्प सांगितला आहे. त्यांतील दुसरा विकल्प बऱ्हाणपुरानें व नागपुरानें जपला म्हणावयाचा. दक्षिणेस बेळगांवचे मांडे प्रसिद्धच आहेत, पण ते साखरेचे व कुरकुरीत. त्यांची प्रकृति निराळी. मध्यें पुण्यासारख्या ठिकाणीं, जेथें दप्तरें सर्वांत अधिक सांपडतात, तेथें उरला तो वाक्प्रचार!

खानदेशांतही स्थिति पूर्ववत् नाहीं. मातीच्या खापराऐवजीं धातूचें, चुलीऐवजीं वायूची शेगडी, असा पालट अनेक ठिकाणीं झाला आहे. मांडे करून विकणाऱ्या स्त्रिया पुण्यामुंबईच्या खाद्यजत्रांतून दिसतात. त्यामुळें हात टिकेल असें वाटतें. खापर घडविणाऱ्या कुंभाराबद्दल तशी खात्री देतां येत नाहीं, कारण त्याचा माल वर्षांतून थोड्याच दिवसांच्या उपयोगाचा व ठिसूळ. आपण संशोधक रुमालांतील कागदाचा तुकडाही सांभाळून ठेवितों. खापराचा नमुना, त्याचें माप, व या कामांतील अहिराणी आणि लेवा बोलींतले शब्द यांचीही नोंद त्याच काळजीनें व्हावयास पाहिजे. असोद्यास जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांस लिहितां येत नव्हतें. पुत्र सोपानदेव वगैरेंनीं त्यांच्या ओव्या टिपून ठेविल्या, म्हणून १९५२ त त्यांचें पुस्तक निघूं शकलें. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे. अशा नोंदींस त्याहून योग्य जागा या प्रांतांत दुसरी नाहीं.

ज्यांस हें प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यांनीं आखाजीच्या दोन-तीन दिवस आधींच खानदेशांत पोहोंचावें. केवळ तृतीयेस दुपारीं जाणाऱ्यास मांडा व आमरस मिळेल, पण गहूं ओलविणें, दळणें व चाळणें हें सर्व तोंपर्यंत उरकलेलें असतें.