मंत्रिमंडळ आणि तिजोरी

मंत्रिमंडळाची परीक्षा आम्ही एकाच प्रश्नाने करतो: तिजोरी कोणाच्या हाती, आणि जाब कोणास द्यावयाचा? मुंबई इलाख्यात १९२१ साली द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण व आरोग्य ही खाती मंत्र्यांकडे गेली. अर्थ व पोलीस मात्र गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडेच राहिले. शाळा काढावयाची एकाने, पैसा द्यावयाचा दुसऱ्याने! १९३७ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाकडे अर्थखातेही आले. तथापि गव्हर्नरचे विशेषाधिकार उरलेच. १९५० च्या राज्यघटनेने मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या विधानसभेस जबाबदार केले. २००३ च्या दुरुस्तीने संख्याही आवरली. महाराष्ट्रात २८८ सभासदांमागे मुख्यमंत्र्यांसह फार तर ४३ मंत्री. संख्या कायदा मोजील. जाब मात्र सभागृहानेच विचारावयास हवा.